ओटी भरताना न सांगितलेलं

तुळसाबाईच्या तोंडाला मंगरूळपीरच्या भाजीबाजारात सगळे वचकून असत. बाई वाईट नव्हती, तिच्या पोटात काही राहत नव्हतं एवढंच. वांगी किडकी निघाली तर गिऱ्हाइकाच्या आधी तीच सांगायची, "वरचे घेऊ नोको, बुडातले घे." पाहुणा असो, जावई असो की कीर्तनाला आलेले महाराज असोत, जे वाटलं ते तोंडावर. घरातलं सगळं बोलणं बायकोनंच उरकल्यामुळे तिचा नवरा पुंजाजी उभ्या जन्मात जवळजवळ मुकाच राहिला. पण गल्लीत भांडण पेटलं आणि कोण काय बोललं यावर वाद झाला, की लोक तिलाच बोलावून आणत. तुळसाबाईला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

गावाबाहेर विहिरीवरचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, वांगी निघायची आणि मुलगा भागवत ती बाजारात न्यायचा. भागवतची बायको सायली केनवडची. सासूला आत्याबाई म्हणणारी, हाक मारली की हातातलं काम टाकून येणारी पोर. तिला दिवस गेले तेव्हा तुळसाबाईनं अर्ध्या बाजाराला पेढे वाटले. लाडही केले. मात्र मेथीची तोडणी आली तेव्हा वाफ्यातून विहिरीपर्यंत टोपल्या नेणाऱ्यांत सायलीही होती, आणि तुळसाबाईनं तिला अडवलं नाही. पोटुशी बाई हिंडती-फिरती बरी, असं तिचं मत होतं, आणि आपलं मत चुकेल असं तिला कधी वाटलेलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात ती सुनेला सोनोग्राफीला घेऊन गेली. पडद्यावर नुसतं राखाडी हलत होतं. तिनं मान पुढे काढली तशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलगा की मुलगी ते आम्ही सांगत नाही."

"मी कायले इचारतो?" तुळसाबाई फणकारली. ती तेच विचारणार होती.

मग डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून समजावलं. बाळाची वाढ चांगली आहे, पाणी बरोबर आहे, ठोके छान आहेत. पण बाळाला पोसणारी वार खाली आहे, गर्भपिशवीच्या तोंडावरच बसली आहे. पुष्कळ बायांची वार पोट वाढेल तशी वर सरकते. ती सरकली की नाही, ते बाहेरून कळत नाही, सोनोग्राफीतच दिसतं. म्हणून आठव्या महिन्यात पुन्हा करायचीच. जड उचलायचं नाही. आणि रक्त दिसलं, थोडं का असेना, दुखत नसलं तरी, तडक मोठ्या दवाखान्यात यायचं.

"कोणाच्या हातून काई झालं म्हणून बसली का ते खाली?" तुळसाबाईनं विचारलं.

"नाही हो. कुणाचाच दोष नाही यात."

हे तिनं ऐकलं, पण तिचा विश्वास बसला नाही. तिच्या डोळ्यांपुढे मेथीच्या टोपल्या आल्या. त्या दिवसापासून सायलीच्या हाती टोपली दिली नाही, पण का, ते कुणाला सांगितलंही नाही.

परतताना सायलीचा चेहरा उतरला होता. "आत्याबाई, आईले सांगा लागन ना?"

"मी सांगीन. तू फोनवर बोलू नोको, तुह्यी माय उगाच धसका घेईन. तुले न्याले आली का समोरासमोर सांगीन."

सायलीला हायसं वाटलं. आत्याबाईनं सांगते म्हटलं की सांगितल्यातच जमा होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला पाठवायचं, ही तिकडची रीत. केनवडहून सायलीची आई मोतीबाई जीप करून आली. साधी, मऊ बाई, दोनदा विचारल्याशिवाय पाणीही न मागणारी. गल्लीतल्या बाया जमल्या. सायलीला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं.

वाक्य तुळसाबाईच्या ओठांवर होतं. पण भरल्या ओटीपुढे रक्ताचं, धोक्याचं नाव काढायचं नसतं. त्या वेळी तोंडातून चांगलंच निघालं पाहिजे. जेवणं होऊ दे, मग बाजूला घेऊन सांगू, असं तिनं ठरवलं. जेवणं झाली. बाजूला घेण्याआधीच मोतीबाईनं तिचे दोन्ही हात धरले.

"इनबाई, माह्या पोरीले तुमी फुलावानी ठेवलं. सगळं गाव सांगते."

सगळं गाव म्हणजे पानाचा डबा पुढे घेऊन बसलेल्या त्या दहा-बारा बाया, कान टवकारलेल्या. आता सांगितलं, की पुढचा प्रश्न यायचाच: काम कोणतं करवून घेतलं होतं? कुणी विचारलं नसतं तरी तो तिथंच बसून राहिला असता. दुसऱ्याच्या घरचं काहीही बिनदिक्कत बोलणाऱ्या त्या बाईची स्वतःच्या घराशी आल्यावर जीभ टाळ्याला चिकटली. डॉक्टरीणच म्हणाली ना, सरकते म्हणून? सरकली असेल.

जीप निघताना पुंजाजीनं विचारलं, "सांगतलं का त्याईले?"

"तुमी गप राहा. फोनवर सांगीन."

फोन रोज व्हायचा. मोतीबाई म्हणायची, मजेत हाये पोरगी, आणि ते वाक्य आत राहायचं, दिवसागणिक बाहेर काढायला अवघड होत.

केनवडात आरोग्य खात्याची आशाताई घरी आली. "सोनोग्राफी झाली का?"

"झाली, तिकडंच झाली," मोतीबाई म्हणाली. लस टोचावी तशी ती एकदा झाली की झाली, अशीच तिची समजूत होती. आत पडून ऐकणाऱ्या सायलीला वाटलं, आईला सगळं ठाऊक आहे, तरी ती नेत नाही, म्हणजे गरज नसेल.

एके दिवशी थोडं रक्त दिसलं. सायलीनं आईला सांगितलं.

"दुखून राह्यलं का?"

"नाई."

"मंग काई नाई. पडून राह्य."

मोतीबाईच्या अनुभवात धोका होता तो दुखण्यात. सायलीला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. पण तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, तिथं भीती नव्हती, आणि तीही निवांत झाली. एका वाक्यानं त्या दोघींना वाशीमच्या गाडीत बसवलं असतं.

पुढच्या आठवड्यात न्हाणीतच सायलीच्या पायांवरून रक्ताची धार लागली. गाडी येऊन वाशीमच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती पांढरीफटक पडली होती. पोट कापून मुलगी काढली. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काचेच्या पेटीत होती, मग गेली. सायलीचं रक्त थांबेना, म्हणून तिची पिशवी काढून टाकावी लागली. वीस-एकवीस वर्षांच्या पोरीची.

तुळसाबाई, पुंजाजी आणि भागवत खाटेशी आले तेव्हा मोतीबाई पायथ्याशी लेकीचे तळवे चोळत बसली होती. सायलीनं पाय ओढून घेतले.

"तुले तं मालूम होतं ना, आई," ती म्हणाली. "तरी तू म्हणली, काई नाई म्हणून."

"काय मालूम होतं माय?"

"वार खाली होती ते. आठव्या महिन्यात पुन्हा पाहा लागते ते. आत्याबाईनं सांगतलं नोयतं का तुले?"

मोतीबाईनं तुळसाबाईकडे पाहिलं. रागानं नाही. विसरलेलं कुणी आठवून देईल म्हणून बघावं, तसं. भागवतनंही आईकडे पाहिलं. पुंजाजी फरशीकडे बघत राहिला. आत्ता खरं बोलली असती, तर मेलेली नात परत येणार नव्हती, पण एका आईला तिची लेक तरी राहिली असती. एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

"सांगतलं होतं मी," तुळसाबाई म्हणाली. "पाठवणीच्या गडबडीत त्याईच्या ध्यानात नसन राह्यलं."

मोतीबाईनं आठवायचा प्रयत्न केला. ओटी आठवली, हिरवं लुगडं, जेवणं, धरलेले हात. ते वाक्य काही केल्या सापडेना. पण समोर तुळसाबाई होती, आणि तुळसाबाई खोटं बोलत नाही. मग खोटी पडायला उरली ती तिची स्वतःची आठवण.

"सांगतलंच असन बापा," ती म्हणाली. "तुमी काई पोटात ठेवत नाई. मलेच फुटकीले समजलं नसन."

सायलीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मोतीबाई उठली, पदर पुढे घेऊन तिनं विहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "इनबाई, तुमची अमानत मले सांभाळता नाई आली. माफ करा."

आणि तुळसाबाईनं तिला उठवून उभं केलं, वॉर्डातल्या सगळ्या बायांसमोर तिचे डोळे पुसले, आणि माफ केलं.