जळकोटच्या माळावरची हिरवी काच

नोकरीत कितीतरी गुन्हे पाहिले, पण त्या हिरव्या काचेचं प्रकरण आजही आठवतं. आठवलं की मला एका जागी बसवत नाही. उठून अंगणात येरझाऱ्या घालाव्याच लागतात.

तेव्हा मी तुळजापूर तालुक्यात फौजदार होते. महामार्गाचं रुंदीकरण होऊन गेलं होतं. सकाळची हजेरी संपते न संपते तोच अणदूरकडचे एक म्हातारे शिंपीमामा ठाण्यात आले. "मॅडम, माझी काच चोरीला गेली. गुन्हा दाखल करा."

मला वाटलं, खिडकीची काच. तर नाही. पूर्वी रस्त्याकडेला टेलिफोनच्या तारांचे खांब असायचे बघा. तार अडकवायला वर वाटीएवढे ठोकळे असत. बहुतेक पांढरे, चिनी मातीचे, क्वचित एखादा जाड हिरव्या काचेचा. मामा या काचा जमवायचे. त्यातही कोणत्या खांबावरची ते पक्कं ठाऊक असेल तरच घरात घ्यायचे. प्रत्येकीच्या गळ्यात कापडी पट्टी, त्यावर ठिकाण लिहिलेलं. गेली ती जळकोटच्या माळावरची. खांब पाडले तेव्हा मामांनी स्वतः उन्हात उभं राहून उतरवून घेतलेली.

भंगारवाल्याला बोलावलं. तो हसायलाच लागला. "बाई, काचेला कोण विचारतंय? लोखंड गेलं की या माझ्याकडं."

बरोबर होतं त्याचं. कपाटभर काचांतून चोरानं एकच का न्यावी? घरी जेवताना तेच डोक्यात, झोपतानाही तेच.

मग महामार्गावरच्या ढाबेवाल्याचा फोन आला. "मॅडम, एक मेंढपाळाची म्हातारी काचेचा गोळा हातात धरून जळकोटच्या माळावर फिरतीया. एकटीच. हिकडून तिकडं, तिकडून हिकडं."

गेलो. आजी सापडली, काच सापडली. ठाण्यात आणून विचारलं तर म्हणाली, "व्हय, म्याच उचलली."

"कुणी दिली का, आजी?"

"न्हाय न्हाय. कुणी न्हाय दिली. मलाच न्या."

आमचे हवालदार खूश. "मुद्देमाल मिळाला, कबुली मिळाली. आता राहिलं काय?"

मामाही येऊन बसलेले. "दाखल करा. या फिरत्या लोकांचं असंच असतं."

मी कागद पुढं ओढला आणि थांबले. पट्टी काचेला तशीच होती. आता बघा, चोर काय करतो? मालावरची खूण आधी काढतो. हिनं ती पट्टी मळू नये म्हणून वर फडकं गुंडाळलं होतं. मी पट्टी तिच्यापुढं धरली. "वाचा बरं, आजी."

"मला कुठं येतंय वाचाया?"

"मग ही जळकोटच्या माळावरची, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आजीनं काच माझ्या हातातून काढून घेतली आणि पट्टीवर पुन्हा फडकं गुंडाळायला लागली. उलटतपासणी म्हणतात ती एवढीच झाली.

पट्टी वाचून दाखवणारं माणूस मामांच्या घरातलंच असणार. मी उठले ती थेट मामांच्या घरी. सून भाकरी थापत होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "पोरी, आजीला ठाण्यात बसवून आलेय."

तिची भाकरी तव्यावर करपली. "मॅडम, तिला सोडा. म्याच दिली." त्यांच्या शेतात आजीच्या मेंढ्या बसल्या होत्या, तेव्हा आजी पाणी मागायला आली, असं सून म्हणाली. कपाटातल्या काचा बघून आजी जागची हलेना. विचारायला लागली, यातली माळावरची कोणती? सुनेनं पट्टी वाचून दाखवली. "तिचा मालक माळावर गेला हो, मेंढ्या घेऊन चालले असताना. तिथंच एका खांबाच्या बुडाशी माती दिली. दरसाल येता-जाता ती काच लांबून चमकायची, त्यावरनं जागा कळायची. आता खांबच न्हाईत."

"मामांना का नाही सांगितलं?"

"मामंजी काचांना हात तरी लावू देतेत का? आणि तक्रार दिल्यावर तर माझी जीभच उचलंना. आजीनं माझं नाव घेतलं न्हाय?"

नव्हतं घेतलं.

सुनेला घेऊन ठाण्यात आले. मामांसमोर तिला सगळं बोलायला लावलं. मामा आधी तिच्यावर तापले, मग आजीच्या हातातल्या काचेकडं वळले. म्हणाले, "आजी, खांब नाल्याच्या कडेचा होता. तुम्ही पलीकडच्या अंगाला हुडकताय." मग माझ्याकडं वळले. "मॅडम, जीप आहे का?"

माळावर मामा पुढं, आम्ही मागं. नाल्याकडेच्या एका जुन्या बांधावर ते थांबले, चपलेनं गवत बाजूला केलं. जमिनीबरोबर कापलेला लोखंडी खांबाचा बुंधा निघाला. आजी तिथंच खाली बसली. मातीवर हात फिरवत राहिली. हवालदारांनी टोपी काढली.

उठताना तिनं काच मामांपुढं धरली. "घ्या तुमची. मला जागा पायजे हुती."

मामांनी ती घेतली, पण जीपमध्ये बसल्यावर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "इतकी वर्षं कुठल्या खांबावरची, तेवढंच विचारत आलो." अर्ज त्यांनी त्याच दिवशी मागं घेतला.

मी काय शिकले? कबुली लवकर मिळाली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. तेव्हाच तपास करणाऱ्यानं अस्वस्थ व्हावं. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याला वाचवायला बोलतो तेव्हा ते किती खरं वाटतं, हे त्या आजीनं दाखवलं. ती पट्टी वाटेत गळून पडली असती तर? तर त्या कागदावर मी आजीचंच नाव लिहिलं असतं. मग मी उठते आणि अंगणात जाते.