मामांचा शेवटचा दम

आखातातल्या अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात बचावाला कलेच्या पातळीवर नेणारा एकच पुरुष होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. हा इतिहास अजून कोणी लिहिलेला नसल्यामुळे माझं विधान खोडून काढणं अवघड आहे.

मामा दुबईत जबल अली बंदराच्या एका गोदामात सुपरवायझर होते. त्याआधी सांगलीत कबड्डीतला डावा कोपरा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंदरातले अमेरिकन शुक्रवारी सकाळी वाळूवर आपला खेळ मांडायचे. एकदा गडी कमी पडला म्हणून त्यांनी बघत उभ्या असलेल्या मामांना आत ओढलं. समोरून फ्रिजएवढा माणूस धावत आला. मामांनी त्याची मांडी धरली आणि फ्रिज आडवा झाला. डाव थांबला, सगळे उठले, पण मामा मांडी सोडेनात. कबड्डीत पकडलेल्या गड्याला दम तुटेपर्यंत सोडत नाहीत, आणि हा तर तोंडाने "कबड्डी कबड्डी" म्हणतच नव्हता. मग दम तुटला हे कळायचं कसं? शेवटी कंपनीच्या बसचा पठाण ड्रायव्हर त्या अमेरिकनावर ओरडला, "हबीबी, खलास बोलो, खलास!" तो कसाबसा "खलास" म्हणाला. मामांनी त्याला लगेच सोडला, वर त्याच्या पाठीवरची वाळूही झटकून दिली. तेव्हापासून जबल अलीत नवीन आलेल्या अमेरिकनाला हा शब्द सर्वांत आधी शिकवत.

जो समोरून येईल तो धरायचा, एवढ्या एका नियमावर मामा दहा-बारा वर्षं खेळले. अमेरिकनांचे गुडघे गेले, काँट्रॅक्टं संपली, एकदोघांची लग्नंही मोडली. मामांनी एकही शुक्रवार चुकवला नाही. मामी दर गुरुवारी त्यांना आंबेहळदीचा लेप लावायच्या. हेल्मेटला तो वास इतका मुरला होता की समोरची फळी डाव सुरू होण्याआधीच एक पाऊल मागे सरकायची.

मग एक तरुण कॅप्टन आला. "अंकल, आज मध्येच बाहेर बोलावलं तर वाईट वाटून घेऊ नका," तो इंग्रजीत म्हणाला. मामा त्याला हिंदीत म्हणाले, "बुलाना मत. मैं अपने पैर से आएगा."

त्या दिवशी समोर एक नवा गडी होता. मामांनी त्याची मांडी धरली, पण तो पडेना. मामांना पायाला लटकावून तो तसाच धावत राहिला.

"अहो, सोडा त्याला! पन्नाशी उलटली!" मामी कडेने ओरडल्या.

"थांब गं, याचा दम जायचाय!"

आणखी थोडी वाळू गेली. मग मामांचाच आवाज आला, अगदी हळू, "खलास." त्यांनी हात सोडले, उठले, पँट झटकली आणि कोणी बोलावण्याआधी चालत बाहेर आले. पठाणाने बसचं दार उघडून धरलं.

पुढच्या शुक्रवारी मामांचा निरोप समारंभ होता, मीही गेलो होतो. सगळ्यांनी सह्या केलेला चेंडू कॅप्टनने दोन्ही हातांनी मामांना दिला. त्याचे डोळे भरून आले होते. मामांनी तो लांबुळका ऐवज उलटासुलटा करून पाहिला आणि मला हळूच मराठीत विचारलं, "हे काय असतं?"

मी सांगितलं, हा चेंडू, पळणारा हाच काखेत घेऊन पळतो.

"असं होय," मामा म्हणाले. "मला वाटायचं, ते उगीचच पळतात."