ओल्या आभाळातला कापूस

बाळूचा अंगठा सफेद्यात बुडालेला आणि आईने त्याचे मनगट घट्ट धरलेले... समोर चटईवर ताणलेले कापड, त्यावर कोळशाने रेखलेले कपाशीचे शेत. एकेका झाडावर दोन-तीन अंगठे उमटले की बोंडे फुटल्यासारखी दिसत. बाळू चार वर्षांचा, कुसुम सहा, मी नऊ. सत्तरच्या आसपासचा तो हिवाळा. धुळ्याच्या आमच्या घरात गव्हाच्या खळीचा आंबूस वास भरलेला, आणि परसामागच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगची घरघर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललेली.

कॅनव्हास आईने घरीच केला होता. खोक्याच्या फळ्यांची चौकट, तिच्यावर ताणलेले मांजरपाट, त्याला खळ – कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद – आणि वर खडूच्या भुकटीचे दोन हात. लग्नाआधी ती चित्रकलेच्या परीक्षा पास झाली होती. पण सासरी बैठकीची भिंत आबांची, म्हणजे आमच्या आजोबांची होती. तिथे एकच वस्तू टांगली जाई – समोरच्या शेटजींच्या पेढीचे कॅलेंडर. शेटजी कापसाचे व्यापारी, मूळचे मारवाडातले, आबांचे जिवलग. नवे कॅलेंडर ते दरवर्षी स्वतः आणत आणि स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवत. दहा वर्षे आई त्या भिंतीबद्दल काही बोलली नव्हती. त्या वर्षी बोलली.

"मुलांना घेऊन एक चित्र करते. बैठकीत लावू या का?"

आबा सुपारी कातरत होते. "लावण्याजोगं झालं तर. आणि शेटजी हो म्हणाले तर. त्यांचं मन मी मोडणार नाही."

आईने चित्र आम्हाला शेतासारखे वाटून दिले. आभाळ माझ्याकडे, पाने आणि माती कुसुमकडे, बोंडे बाळूकडे. बैल तिने स्वतःकडे ठेवले. "कौतुकाचं चित्र वेगळं नि भिंतीवरचं वेगळं," ती म्हणे. म्हणून ती प्रत्येकाच्या हद्दीवर दोरा ताणून धरी आणि आमचे हात त्याच्या अलीकडेच थांबत. चुकले तर रागवत नसे. चिंधीने पुसून "पुन्हा" एवढेच म्हणे. रंग घरचे होते. नीळ, गेरू, हळद, काजळ. नीळ आणि हळद मिळून कुसुमची पाने हिरवी होत. हे सगळे तेलात घोटायचे. तेल जवसाचे लागते हे आईला ठाऊक होते, पण दुकानात ते संपले होते आणि शेटजींचा यायचा दिवस जवळ आला होता. तिने घाण्यावरून आणलेले शेंगदाण्याचे तेल ओतले. तेल ते तेल, असे तिला वाटले.

आबा लाडात किंवा रागात आले की गावाकडची अहिराणी बोलत. तेलाचा डबा पाहून म्हणाले, "हाई तेल फोडणीले शे, का भितले?"

"चित्राला, आबा."

"मंग आज भाजी उकडेलच खावानी का?"

शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, हे आम्हाला चौथ्या दिवशी कळले. चित्र उन्हात ठेवले, चुलीजवळ ठेवले. बोट लावले की बोट निळे. आणि जिनिंगच्या हंगामात हवा कधी रिकामी नसते... कौलांवर, लोणच्याच्या फडक्यावर, माणसांच्या भुवयांवर कापूस बसे. तो चित्रावरही बसला आणि चिकटला. एका सकाळी पाहिले तर बाळूच्या बोंडांवर खरा कापूस – आणि माझ्या आभाळातही, बैलाच्या शिंगावरही. आई सुई घेऊन एकेक तंतू काढू लागली. तंतूबरोबर रंगही निघून येऊ लागला, तेव्हा तिने सुई खाली ठेवली.

बाळू मात्र खूश होता. "आई, कापूस आपणहून आला."

दुसऱ्याच दिवशी शेटजी आले, काखेत कॅलेंडरची गुंडाळी. चित्र खिळ्याखाली भिंतीला टेकवून आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. आम्ही तिघे तिच्या पदराशी. शेटजी चष्मा सावरून वाकले. मग कापसाच्या कुठल्याही ढिगापुढे ते जे करत, तेच त्यांनी केले – आभाळातला एक पुंजका चिमटीने उपटला, दोन्ही हातांत धरून हळूहळू ताणला, तुटेपर्यंत.

"धागा लांब आहे," ते म्हणाले. "पण आबा, आभाळात कापूस?"

आबांनी सुपारी तोंडात टाकली. "यंदा पीक मातलंय."

शेटजींनी आपल्या निळ्या झालेल्या बोटांकडे पाहिले आणि त्यांना हसू आवरेना. "केलं कोणी हे?"

"सूनबाईनं. आणि तिच्या तीन मजुरांनी."

"मग माझं कॅलेंडर आत चुलीपाशी लावा. चतुर्थी-एकादशी तिथंच बघावी लागते."

आबा स्टुलावर चढले आणि त्यांनी चित्र खिळ्याला अडकवले.

"डावीकडून जरा वर घ्या," दाराआडून आई म्हणाली.

आबांनी ते डावीकडून वर घेतले.

आता आई नाही, आबा नाहीत; जिनिंगही बंद पडली. चित्र जळगावला कुसुमच्या बैठकीत आहे. निळीचा रंग राखाडी झाला आहे, कापूस पिवळा पडला आहे. घरकामाला नवी बाई आली की कुसुम पहिल्याच दिवशी तिला चित्रासमोर उभी करते. पंखा पुसायचा, भिंत झाडायची, याला फडके लावायचे नाही.

"पण जळमटं लागलीत ना, ताई," बाई म्हणते.

"जळमटं नाहीत ती," कुसुम म्हणते. "कापूस आहे. धुळ्याचा."