चौथ्या खर्ड्यातली बायको

टेलरमास्तरांनी चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी कधी हुज्जत घातली नव्हती. कंबर सैल म्हटलं की आत घ्यायची, बाही लांब म्हटलं की कापायची. त्यामुळे वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी भरणाऱ्या लेखनमंडळाचा नियम त्यांना फारच मानवला. लिहिणाऱ्याने आपलं वाचायचं आणि मग तोंडातून ब्र न काढता सगळ्यांचं ऐकून घ्यायचं.

मास्तरांना बायकोवर लिहायचं होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिच्या बारीकसारीक गोष्टी निसटत चालल्या होत्या, याची त्यांना धास्ती होती. लेकीसाठी तरी त्या कागदावर राहाव्यात, एवढीच इच्छा.

निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "भांडताना ही मध्येच हसते कशी? वाचक गोंधळतो. काढून टाका."

ती खरंच तशी हसायची, पण बोलायची सोय कुठे होती? मास्तरांनी घरी जाऊन हसणं कापलं. पोस्टमनला आजारपण रेंगाळल्यासारखं वाटलं. ते अर्ध्यावर आणलं. नर्सबाईंना ती फारच सोशिक वाटली. "एकदा तरी चिडू द्या हो तिला!" मास्तरांनी तिला चांगलं भडकू दिलं. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, हे ठीक. पण इथे गिऱ्हाईक नेमकं कोण, हेच त्यांना उमजेना. डोकं नुसतं भणभणायचं.

चौथ्या खर्ड्याला टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकांनी तर डोळे पुसले. मास्तर हरखले, आणि का कोण जाणे, ओशाळलेही.

रविवारी लेक आली. तिने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सगळं वाचून काढलं.

"छान झालंय बाबा. पण आईने पेला कधी फोडला?"

"वा! विसरलीस? तू शाळेतून आलीस तेव्हा मी काचा वेचत होतो. हे बघ, बोट कापलं होतं."

त्यांनी बोट पुढे केलं. त्यावर सुया टोचल्याच्या जुन्या खुणा होत्या, कापल्याची एकही नव्हती. मास्तर बोटाकडे बघत राहिले. तो पेला गेल्याच आठवड्यात, लिहायला बसल्यावर, त्यांनी स्वतःच कागदावर फोडला होता. तरीही फुटल्याचा आवाज त्यांना अगदी स्पष्ट ऐकू येत होता; तिचा मात्र काही केल्या येईना. मास्तर घाबरले.

"बाळा," ते म्हणाले, "जरा सांग मला. तुझी आई कशी होती?"