चुकीला लाल दोरा

शेषराव गेल्याचा निरोप घेऊन त्याचा धाकटा भाऊ सेलूहून पुलगावला आला, तेव्हा मी शाळेत उत्तरपत्रिका तपासत होतो. हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली... आज त्याला महिना झाला.

सेलूच्या बाजारात शेषरावचं शिलाईचं दुकान होतं. कात्री घसरून कापड चुकलं, तर बाकीचे शिंपी कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं ते झाकत. हा पठ्ठ्या तिथे लाल दोरा घालायचा आणि गिऱ्हाईक आलं की आधी तेच दाखवायचा. माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाखाली असे चार टाके आहेत. मी चिडलो, तर म्हणाला, "लपवलं तं मलेच टोचत राह्यते, मास्तर."

वर्षानुवर्षं मान खाली घालून त्याच्या मानेचे मणके झिजले. उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, कात्री गळून पडू लागली. तो म्हणत होता, अजून थोडे दिवस पट्टा बांधून पाहू. मी कुठला ऐकतो! ऑपरेशन करून घे म्हणून खनपटीलाच बसलो आणि शेवटी त्याला नागपूरला नेलं.

दोन तासांचं ऑपरेशन पाच तास चाललं. मग डॉक्टर स्वतः बाहेर आले. म्हणाले, "मणक्याच्या कडेनं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी माझ्या हातून कापली गेली. रक्त थांबवलंय, जीव वाचेल. पण ऑपरेशन अर्ध्यावर सोडावं लागलं." शेषराव वाचला. पण मधल्या वेळात मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कमी पडलं होतं. चालताना त्याचा झोक जायचा आणि उजवा हात असा थरथरायचा, की सुईत दोरा ओवणंही संपलं.

टाके काढायला गेलो, तर हा डॉक्टरांना म्हणतो, "टाके झकास घातले साहेब, पण लाल दोरा पाह्यजे होता." त्याचा अर्थ मी समजावून सांगितला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी त्याचा थरथरता हात बराच वेळ धरून ठेवला.

मी मात्र पेटलो होतो. डॉक्टरांविरुद्ध तीन पानी तक्रार लिहिली आणि सही घ्यायला दुकानात गेलो. तिथे आता धाकटा भाऊ कापड बेतायचा आणि हा शेजारी बसून त्याच्यावर ओरडायचा. त्यानं तिन्ही पानं सावकाश वाचली.

"थो बिचारा सोताच्या तोंडानं बोलला, मास्तर. त्याले काऊन फासावर चढवून राह्यला?" मग हसत म्हणाला, "अन् तू मले ढकलत नेलतं, थे याच्यात कुठंच नाई."

मी ते कागद फाडले. पण माझं चुकलं, एवढं काही तोंडून निघालं नाही. पुढे पाच वर्षं जमेल तेव्हा रविवारी त्याच्याकडे जायचो, चहा प्यायचो, गप्पा हाणायचो... तेवढं मात्र राहूनच गेलं. त्यानंही पुन्हा कधी विषय काढला नाही. असा मित्र मला मिळाला होता.

परवा तोच सदरा घालताना वरचं बटण तुटून हातात आलं. बायको पांढरा दोरा घेऊन आली. म्हटलं, राहू दे, मीच लावतो. चष्मा लावून खिडकीपाशी बसलो आणि सुईत लाल दोरा ओवला.