तराजूपाशी शिकलेलं इंग्रजी

दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं साखरेच्या पुड्याला गुंडाळलेलं, आणि भुवया वर चढलेल्या. अशा अवतारात ती विचारायची, "अक्का, संपलं का चालू हाय?"

नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, साखरेबद्दलच बोलते आहे. पण मी नुकतंच इंग्रजीत काहीतरी बोललेली असायची. त्यात सकाळी उरकलेलं काम अजून चालू असायचं, नाहीतर चालू असलेलं काम मी परवाच संपवून टाकलेलं असायचं. उत्तर जमलं की ती गाठ मारायची. चुकलं की पुडा तसाच उघडा. मागची माणसं ओरडायची, "वैनी, आमचं मीठ तरी मराठीत द्या की!"

गेवराईत आमच्या गल्लीच्या तोंडाला तिच्या सासरचं किराणा दुकान होतं. लिंगायत वाण्यांचं घर. नवरा मोंढ्यात धान्याची आडत बघायचा, ही दुकान सांभाळायची. लग्नाआधी तिनं लातूरला इंग्रजी घेऊन बी. ए. केलं होतं. त्या शिक्षणाचा तराजूला काही उपयोग नव्हता. माझ्या चौथीचा तर कशालाच नव्हता.

त्या सुमारास गावात एसटीडीचे बूथ आले आणि पाठोपाठ इंग्लिश मीडियमची बालवाडी आली. बालवाडीला आया हवी होती. अट एकच, लेकरांशी दोन शब्द इंग्रजीत बोलता आले पाहिजेत. आमच्या मालकांचं जिनिंगमधलं काम कापसाच्या हंगामापुरतं. बाकीचं वर्ष मी ब्लाउज शिवून रेटत होते. मला ती नोकरी पाहिजेच होती. पण मी कशी, तर गिरणीत 'बारीक दळा' म्हणायची हिंमत होत नव्हती. कितीतरी वर्षं आमच्या घरानं जाड पीठ खाल्लं ते माझ्या लाजेपायी.

हे सगळं मी तिला मिठाच्या पोत्याकडं बघत सांगितलं.

"पोत्याला नोकरी लागायची न्हाई," ती म्हणाली. "माज्याकडं बघून बोला. दुपारी गिऱ्हाईक नसतं. रोज या."

दुपारची शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "डिड यू ईट?"

चौथीत गुरुजींनी पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवलं होतं, आणि तेवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. मी घाम पुसत इंग्रजीत सांगितलं की होय, मी आज सकाळी माझ्या घरी माझं जेवण जेवले.

"कोर्टात उभ्या आहात का?" ती म्हणाली. "मी तुमाला 'जेवलात का' म्हणलं, तर तुमी काय म्हणता?"

"जेवले की."

"मग तेवढंच. यस, आय डिड. पुढचं पोटात ठेवा."

काळ शिकवायला तिनं भाकरी घेतली. थापताय तोवर 'आयेनजी'. तव्यावरून उतरली, आत्ता समोर आहे, तर 'हॅव'. कालच खाऊन झाली तर 'डिड'. मला हे इतकं पटलं की घरी थापताना मी मोठ्यानं बोलायला लागले. पोट धरून मालक हसले. मग विचारलं, "ती भाकर मला वाढणार हायस का तिला पास करणार हायस?"

एकदा मी बरोबर उत्तर दिलं आणि आनंदात पुडा न घेताच घरी आले. माझं शहाणपण एका वेळी एकच गोष्ट उचलतं.

मुलाखतीच्या दिवशी मी मुलीच्या लग्नात नेसायची म्हणून ठेवलेली साडी नेसले. शाळेच्या मोठ्या बाई केरळच्या. इंग्रजी बोलायच्या, फार तर थोडं हिंदी. त्यांनी नाव, गाव, लेकरं किती, असं विचारलं. मी छोटी छोटी उत्तरं दिली. पदर मुठीत चुरगळत होता, पण तो टेबलाखाली होता. शेवटी त्या म्हणाल्या, "ओके, यू कॅन गो." मी हात जोडले, छान हसले, "आय ॲम कमिंग" म्हणाले आणि घरी आले.

भाकरी केल्या. जेवले. झोपलेसुद्धा.

संध्याकाळी शाळेचा शिपाई दारात. "बाई, कुठं गेलतात? मोठ्या बाईंनी चहा झाकून ठिवला तुमचा! येते म्हनलात आन् गायबच! मुलाखतीच्या बाकीच्या बाया ताटकळल्या. मोठ्या बाई लई तापल्यात."

मी रडत दुकानात गेले. सगळं ऐकून ती आधी एवढी हसली की डाळीच्या डब्याला धरून उभी राहिली. मग तिनं गल्ल्याला कुलूप लावलं आणि चपला घातल्या. भर दिवेलागणीला, गिऱ्हाइकाच्या वेळी, सासऱ्यांना न विचारता.

शाळेत ती मोठ्या बाईंसमोर इंग्रजीत बोलायला लागली. मला निम्मं कळलं, निम्मं तिनं नंतर सांगितलं. "आमच्याकडं घरातून निघताना बाई 'जाते' म्हणत न्हाई. ते तोंडातून काढणं अशुभ. परत भेटायचं असतं, म्हणून 'येते'च म्हणायचं. हिनं तुमाला फसवलं न्हाई. तुमचं लेकरू सोडून निघतानाबी ही तेच म्हणंल. अशी आया नको का तुमाला?"

मोठ्या बाई हसल्या. मला म्हणाल्या, सोमवारपासून ये. मी 'यस'सुद्धा विसरले, नुसतीच मान हलवली.

त्या तिच्याकडं वळल्या. "यू स्पीक सो वेल. वी ऑल्सो नीड अ टीचर. यू जॉइन अस."

मला वाटलं, आता बघा हिचं उत्तर. भाकरीच्या एका उलथण्यावर जिला तीन काळ सुचतात, ती काय म्हणते बघा. ती हाताला लागलेलं हरभऱ्याचं पीठ चोळत राहिली. मग मराठीतच म्हणाली, "दुकान बंद हाय. चला, अक्का."

वाटेत मी विचारलं, "वैनी, कावून न्हाई म्हनलात?"

"न्हाई कुठं म्हणलं? होयबी न्हाई म्हणलं." चालता चालता म्हणाली, "घरी विचारलं होतं मी. शाळा निघाली तवाच."

घरून काय उत्तर आलं, ते मी विचारलं नाही. दुकानासमोर सासरे उभेच होते, पाठीमागं हात बांधून.

मी नोकरीला लागले. पुढं तिच्या सासरी भावाभावांत वाटणी झाली आणि ते घर लातूरला गेलं. जायच्या आधी एका रविवारी ती म्हणाली, "तुमचा वर्ग दाखवा की." किल्ली माझ्याकडं असायची. तिनं सगळं फिरून बघितलं, भिंतीवरचा हत्तीसुद्धा. मग लेकरांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसली.

"विचारा कायतरी," म्हणाली.

मोठ्या बाई पालकांना विचारायच्या तोच प्रश्न मला आठवला. "व्हॉट डू यू डू?"

ती फळ्याकडं बघत राहिली. "आय टीच," म्हणाली. पुढं काही जोडलं नाही.

मग उठली, फळ्याखालचा खडू उचलून हातात फिरवला, परत जागेवर ठेवला आणि पदराला हात पुसले. दुकानात पिठाचा नाहीतर साखरेचा कण पदरावर पडला तरी ती लगेच झटकायची. खडूचा पांढरा पट्टा तिनं झटकला नाही. तसाच घेऊन ती गल्लीनं घरी गेली.