मुंग्यांची रांगोळी आणि पाच पपया

काचेची नळी बोटाएवढी होती. तोंडाला कापसाचा बोळा, आत मध लावलेली कागदाची पट्टी आणि पट्टीवर पिवळसर ठिपके. ठिपके चालत होते. शहराबाहेरच्या एका कीटक प्रयोगशाळेची बातमी करायला मी गेलो होतो. निघताना तिथल्या अधिकारी बाईंनी नळी माझ्या हातात ठेवली. "घरमालकांची झाडं आजारी आहेत म्हणालात ना? आज संध्याकाळीच सोडा. फवारणी मात्र बंद."

ठिपके म्हणजे गांधीलमाश्या. एकेक माशी मिलिमीटरपेक्षा लहान. माणसाला त्या चावत नाहीत. पपईवरच्या पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडं घालणं एवढंच त्यांचं काम.

म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली मालक आणि मालकीणबाई. दोघांचेही पूर्वज महाराष्ट्रातून म्हैसूरच्या फौजेत चाकरीला आलेले. घरात मराठी बोलत, पण वाक्य कुठे कन्नडमध्ये शिरेल सांगता येत नसे. परसातल्या पाच पपया मालकीणबाईंच्या. तलकाडजवळच्या माहेरच्या वाळूतली ही जात. ते घर आणि जमीन विकली गेली, तेव्हा त्यांनी तिथून एक पिकलेलं फळ तेवढं आणलं होतं. पपईचं झाड फार वर्षं टिकत नाही, म्हणून मालकीणबाई दर खेपेला शेवटच्या पिकल्या फळाचं बी राखून पुन्हा लावत. त्या उन्हाळ्यात जुनी झाडं संपली होती, डब्यात बी उरलं नव्हतं आणि या पाच झाडांची पहिलीच फळं हिरवी असताना पांढऱ्या कापसासारख्या किडीने झाकली गेली. फळ पिकलं नाही तर बी नाही.

मालकांनी दोनदा औषध फवारलं होतं. किडीच्या अंगावर मेणाचा थर असतो. औषध ओघळून गेलं. "शेजाऱ्यांकडे जाईल ही घाण," ते म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत बघतो. मग कुऱ्हाड."

मी नळी उघडली तेव्हा ते पायरीवर बसले होते.

"पेपरवाले, चावणाऱ्या माश्या कमी पडल्या करून नव्या आणल्या?"

"चावत नाहीत."

"मग कसली गांधीलमाशी ती? सुम्ने नाव, उगाच."

दोन आठवडे काहीच झालं नाही. मालकीणबाई मात्र रोज सकाळी झाडांपाशी बसलेल्या दिसत. महिना संपायला नऊ दिवस राहिले होते. प्रुफं वाचायचं भिंग घेऊन मी एका पानाखाली उभा राहिलो. मान अवघडेपर्यंत पाहिल्यावर एक माशी दिसली. ती किडीवर उतरली, मिशांनी तिला चाचपलं, पोट वाकवलं. तेवढ्यात एक मुंगी धावत आली आणि माशी उडाली. पुन्हा उतरली, पुन्हा मुंगी. मी प्रयोगशाळेत फोन केला.

"मुंग्या खूप आहेत का?" बाईंनी विचारलं. "कीड गोड पाझर सोडते, तो मुंग्यांना हवा असतो. म्हणून त्या राखण करतात. मुंग्या कुठून चढतात बघा."

मुंग्यांची रांग खोडावरून खाली आली आणि बुंध्यापाशी रांगोळीत शिरली. तांदळाच्या पिठाची रांगोळी. पाचही झाडांपाशी एकेक. मालकीणबाई दारात नेहमी पिठानेच रांगोळी काढत. मुंगीच्या तोंडी घास पडावा, हा त्यांच्या सासूबाईंचा रिवाज. झाडं आजारी पडल्यापासून, त्यांना बरं वाटावं म्हणून, त्यांनी तीच रांगोळी बुंध्याशी काढायला सुरुवात केली होती. वारूळही तिथेच झालं होतं.

मालकीणबाईंना हे सांगायला मला दुपार झाली. त्यांनी ऐकून घेतलं, भिंग मागितलं आणि बराच वेळ पानाखाली उभ्या राहिल्या.

"म्हणजे मीच पोसली," त्या म्हणाल्या.

"तसं नाही."

"तसंच नोडी, बघा. सगळं दिसतंय की." भिंग परत देत त्यांनी विचारलं, "मग मुंग्यांनी खायाचं कुठं?"

मालक म्हणाले, "तुझं माहेर वाचवायचं का इरुवेचं, मुंग्यांचं, ते ठरव एकदा."

दुसऱ्या दिवशी पाचही रांगोळ्या फाटकाबाहेर, पार रस्त्याच्या कडेला गेल्या. मालकांनी स्कूटरचं ग्रीस जुन्या चिंध्यांना फासून त्या खोडांना गुंडाळल्या. कपड्यांची दोरी एका झाडाला बांधलेली होती. तीही न सांगता सोडली, कारण मुंग्या आता दोरीवरून यायला लागल्या होत्या. कुऱ्हाडीचं कोणी बोललं नाही. महिना संपला.

पुढच्या महिन्यात किडी फुगून तपकिरी, कडक व्हायला लागल्या. बाहेरून कीडच, आत दुसरंच कोणी. एका सकाळी भिंगाखाली तशा एका कवचाला आतून भोक पडताना मी पाहिलं. आधी टाचणीच्या टोकाएवढी फट, मग नेटका गोल. गोलातून डोकं आलं, मिशा आल्या. माशीने पंख पुसले, मग ती दोन पावलं चालली आणि शेजारच्या किडीवर चढून कामाला लागली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिची आई तिने पाहिलीही नव्हती. इतकी वर्षं माणसांच्या हालचाली टिपल्यावर मला वाटायचं की काम म्हणजे काय ते मला कळतं. त्या पानाखाली मी वही काढली आणि काही न लिहिता मिटली. शेजारी मालकीणबाई होत्या. भिंग आम्ही आळीपाळीने घेत होतो. त्यांनी हात जोडले नाहीत. श्वास रोखला होता, पान हलू नये म्हणून.

पाचातलं एक झाड गेलं. चार तगली. त्यातल्या एकाचं फळ अखेर पिकलं. मालकीणबाईंनी ते ओट्यावर चिरलं, फोडी आमच्यापुढे सारल्या आणि बिया राखेत चोळून जुन्या वर्तमानपत्रावर पसरल्या. प्रयोगशाळेची माझी बातमी त्याच पानावर होती. अर्धी बियांखाली गेली.

"वाचायची असेल तर आत्ताच वाचा," मालक म्हणाले. "बिया वाळेपर्यंत ही कुणाला हात लावू देणार नाही."